माहेरचं तेल

आई,

वहिनीला एअर फ्रायर घ्यायचा आहे. निदान ती तसं म्हणते. महिनाभर झाला, दर दोन-चार दिवसांनी तिचा इंदूरहून फोन येतो आणि विषय हाच. "वन्सं, अगदी खरं सांगा, घेण्यासारखा आहे का हो? घरात आम्ही सहा जण, सूनबाई मागे लागली आहे, मुलगा म्हणतो आत्याला विचार, तिच्याकडे आहे." मी बापडी इमानदारीने सगळं सांगते. काय चांगलं होतं, काय बिघडतं, धुवायची कटकट किती. ती सगळं ऐकून घेते आणि शेवटी म्हणते, "फोनवर काही समजत नाही बघा. मी एकदा येऊनच बघते." की मी लगेच काहीतरी काढते. कधी माझा गुडघा, कधी नळाला पाणी नाही, कधी घरात रंगकाम चालू आहे. रंगकाम कसलं, गेल्या पाच वर्षांत भिंतीला ब्रश लागलेला नाही. आज सकाळी तर मी कमालच केली. ते सांगेन, पण आधी हे मशीन काय चीज आहे ते तुला सांगायला हवं, नाहीतर तुला पुढचं काही कळायचं नाही.

तू गेलीस तेव्हा आपलं घर मिक्सरच्या पुढे गेलेलं नव्हतं, आणि त्या मिक्सरलाही 'फार ओरडतो मेला' म्हणून तू फडक्याखाली झाकून ठेवायचीस. हे त्याच्याहून मोठं, काळं, लहानशा माठाएवढं. पुढे एक कप्पा, कप्प्यात जाळी. जाळीवर पदार्थ ठेवायचा, तेलाचं नुसतं बोट फिरवायचं आणि बटण दाबायचं. आत गरम वारा फिरतो आणि त्या वाऱ्याने पदार्थ म्हणे तळल्यासारखा होतो. ह्यांनी खोक्यातून काढल्या काढल्या ते उलटं करून पाहिलं, मागची पट्टी वाचली आणि निकाल दिला, "यात फ्राय कुठंय? हीटर आहे आणि त्याच्यामागे पंखा. मे महिन्यात आपल्या नानाखेड्यातल्या घराच्या गच्चीवर पापड ठेव, हेच होतं." जन्म वीज खात्यात गेलेला माणूस. त्यांना कुठलंही यंत्र दाखवा, ते आधी त्याची पोलखोल करायचे आणि मग त्यावर जीव लावायचे.

मशीन आलं ते त्यांच्यासाठीच. त्यांच्या छातीत कळ आली, इंदूरला नेलं, तार घालून नळी उघडली, आणि घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, तळलेलं आता विसरा. ह्यांना, आई. ज्या माणसाला तू कधीही कचोरीला नाही म्हणताना पाहिलं नाहीस. तुला आठवतं ना, लग्न ठरवायला आले तेव्हा सगळे लाजत-बुजत बशीतलं एकेक उचलत होते आणि हे सरळ म्हणाले, "अजून आहेत का?" बाबा हवे होते तेव्हा, खूश झाले असते. तू आत येऊन मला म्हणालीस, "कर या मुलाशी. भूक लागली की सांगतो, म्हणजे बाकीचंही सांगेल." बाकीचं काही फार सांगितलं नाही त्यांनी आयुष्यात, पण भूक मात्र सांगितली. खरं तर सांगायचीही गरज नव्हती. तेलात पहिलं भजं सोडलं की जो चर्र आवाज होतो, तो ह्यांना गच्चीवर ऐकू यायचा. चार-दोन मिनिटांत पाठीमागे चपलांचा आवाज, आणि स्वयंपाकघराच्या दारात हे, हातात ताटली. ओट्याशी उभं राहिलं की ते दार माझ्या पाठीशी येतं. मी मान वळवून म्हणायची, "आलात का? अजून देवाची निघाली नाहीत." ते म्हणायचे, "मी कुठे काय मागतोय? मी तपासणीला आलोय." चौतीस-पस्तीस वर्षं हाच संवाद, त्यात एक अक्षर बदललं नाही, आणि आम्हाला दोघांनाही त्याचा कंटाळा आला नाही.

तर डॉक्टरांनी तळण बंद केलं, आणि लेकीने पुण्याहून हे मशीन पाठवलं. फोनवर मला म्हणाली, "आई, बाबांना जे पाहिजे ते यात करून दे, एकदम सेफ." मी पहिल्याच दिवशी शहाणपणा करून कांद्याची भजी केली. नेहमीचं सरबरीत पीठ, नेहमीसारखं सोडलं जाळीवर. ते सगळं जाळीतून खाली गळलं आणि खाली तळाशी डोसा झाला. वर उरले चार सुकलेले कांदे. ह्यांनी ते ताटलीत घेतले, गंभीरपणे खाल्ले आणि म्हणाले, "छान. भज्याची आठवण येते." मला हसू यावं की रडू, कळेना. दुधाची तहान ताकावर म्हणतात, इथे ताकसुद्धा नव्हतं.

मग हळूहळू मला त्या मशीनचा स्वभाव कळला. वहिनीला मी हेच सांगितलं. ओलं पीठ त्याला चालत नाही. पुरी तर नावच काढू नको, पुरीला तेलाखाली दाबावं लागतं तेव्हा ती फुगते, वारा काय दाबणार? चकली होते पण दाताची परीक्षा घेते. पण पापड उत्तम. बटाट्याच्या काचऱ्या उत्तम. भरलेली वांगी, शिमला मिरची, सुरण, सगळं छान खरपूस. फ्रीगंजच्या बाजारातून आणलेली कचोरी दुसऱ्या दिवशी मरगळते ना, ती यात पाच मिनिटं ठेवली की पुन्हा ताजी होते. आणि बाफले! गोवऱ्यांवरची चव नाही येत, पण कणकेचे गोळे उकडून यात ठेवले तर वरून छान तडकतात, शेजारची मिश्रा भाभीसुद्धा मान गई. मात्र एका वेळी चार माणसांपुरतंही धड होत नाही. सहा जणांच्या घरात पहिल्याचं जेवण होईपर्यंत शेवटच्याला भूक उरत नाही. "म्हणजे आमच्यासाठी नको तर," असं वहिनी म्हणते. मी म्हणते, "नको असं नाही गं, दोन माणसांच्या घरात चांगलं आहे." आणि मग मीच विषय बदलते, कारण माझं घर आता दोन माणसांचंही नाही.

एक गोष्ट मात्र मी वहिनीला सांगितलेली नाही. मशीनचा आवाज वेगळा आहे. आत नुसता घुं घुं वारा, आणि झालं की टिंग. त्या टिंगला हे कधी उठून आले नाहीत. दीड वर्ष मशीन चाललं, पण त्यांच्या कानाने ते मानलंच नाही. मला बाहेर जाऊन हाक मारावी लागायची, "अहो, झालंय." तेव्हा यायचे, टेबलाशी बसायचे, शहाण्या मुलासारखं खायचे, कौतुक करायचे. ताटली घेऊन दारात उभे राहणं संपलं. त्याचं मला त्या वेळी काही वाटलं नाही. मला एवढंच वाटायचं की तेल पोटात जात नाहीये, आता काही होणार नाही.

मागच्या वर्षी चैत्रात ते गेले. सकाळी चहा झाला, पेपर वाचला, आणि खुर्चीतच. मशीनचा, तेलाचा, कशाचा काही संबंध नाही म्हणाले डॉक्टर. वय होतं, नळ्या तशाच होत्या. मी ऐकून घेतलं. मनात मात्र हिशेब बसेना. मग ती दीड वर्षं मी त्यांना पापड आणि काचऱ्या का खाऊ घातल्या? जाणारच होते तर खाऊन गेले असते. असं म्हणू नये, माहीत आहे मला. पण तुला नाही सांगणार तर कुणाला सांगू?

कढई उतरली. तुला वेगळं सांगायला नको, पण पुण्याच्या माणसांना सांगावं लागलं. तेरा दिवस तळण नाही हे सगळ्यांकडेच आहे. पण वर्षभर कढई चढत नाही, आणि वर्ष झालं की ती बाईच्या माहेरच्या माणसाने येऊन चढवायची, माहेरच्या तेलात, हे ऐकून लेकीच्या सासूबाई तोंडाकडे बघत राहिल्या. "हे कुठल्या पोथीत आहे हो?" पोथीत कशाला असेल? इतक्या पिढ्या माळव्यात राहून आपल्या बायकांनी शेजारणींकडून उचललं आणि आपलं करून टाकलं. मी लोखंडी कढई घासली, कोरडी केली, गंजू नये म्हणून तेलाचं बोट फिरवलं आणि वरच्या फळीवर पालथी ठेवली. तीच, तू लग्नात दिलेली. सगळ्यांनी स्टीलची चकचकीत भांडी दिली आणि तू ही काळी कढई आणि लांब दांड्याचा झारा. मला तेव्हा मैत्रिणींसमोर लाज वाटली होती. तू म्हणालीस, "ती भांडी लोक बघतील. यात लोक जेवतील."

दिवाळीला लेक आली, नातीला घेऊन. घरात सामसूम. रीतीप्रमाणे शेजाऱ्यांनी ताटं पाठवली, भरपूर पाठवली, पण आठ वर्षांच्या पोरीला ते कसं समजणार? तिला आजीचेच शंकरपाळे पाहिजेत. लेक म्हणाली, "आई, मशीनमध्ये कर ना. ही कढई थोडीच आहे?" मिश्रा भाभी ताट घेऊन आली होती, तीही म्हणाली, "भाभीजी, इसमें तो तेल ही नहीं, दोष काहे का?" दोघींचं बराबर होतं. मी पीठ मळलं, शंकरपाळे कापले, मशीनमध्ये घातले. टिंग झालं. नातीने एक तोंडात टाकला आणि म्हणाली, "आजी, बिस्किट मस्त झालंय." आम्ही तिघी हसलो. ह्यांच्यानंतर मी पहिल्यांदा हसले ती त्या बिस्किटावर. घरात दिवाळी आली पण आणि नाही पण. मोडलं काही नाही आणि पाळलंही धड नाही.

तेव्हापासून ते मशीन माझी पळवाट झालं आहे. वर्षश्राद्ध होऊन गेलं, चैत्रातच. नियमाने दुसऱ्या दिवशी कढई चढायला हवी होती. लोक विचारतात, तर मी सांगते, "माहेरचं आहे कोण आता? बाबा नाहीत, आई नाही, दादाही गेला. चढवणार कोण?" ऐकणाऱ्याचा चेहरा लगेच पडतो आणि पुढे कोणी बोलत नाही. फार सोयीचं उत्तर आहे. चैत्र गेला, वैशाख गेला, आता श्रावण तोंडावर आला. लेक राखीला यायची म्हणते आहे, तिच्या बाबांच्या आवडीचे वडे करू म्हणते आहे, आणि मी म्हणते, बघू, मशीनमध्ये करू. ती म्हणते, "आई, तू कढई काढणारच नाहीयेस का आता?" मी म्हणते, "दूध उतू जातंय, ठेवते."

बाबा गेले तेव्हाचं वर्ष मला या दिवसांत फार आठवतं. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. देवास गेटजवळच्या त्या दोन खोल्या, खाली दिवसभर बसवाल्यांचा पुकारा, "इंदौर इंदौर, देवास देवास," आणि वर आपण तिघं गप्प. तू तेराव्यानंतर दुसऱ्याच दिवशी शाळेत गेलीस आणि पोरींना भूमिती शिकवून आलीस. वर्षभर तुझ्या डोळ्यांत पाणी पाहिलं नाही मी. मग वर्ष झालं आणि ग्वाल्हेरहून मामा आला, मांडीवर तेलाचा डबा घेऊन, रात्रभर गाडीत तो खाली ठेवला नाही म्हणाला. स्टोव्ह पेटवला. मामाने कढई ठेवली, तेल ओतलं, आणि तू पुरी लाटून त्याच्या हातात दिलीस. त्याला कुठली सवय, त्याने ती उंचावरून टाकली आणि तेल उडालं. तू म्हणालीस, "अरे, कडेने सोड, कडेने." चर्र झालं. पुरी फुगली. आणि तू भिंतीला टेकून खाली बसलीस, आणि जी रडायला लागलीस आई, की खालचा पानवाला वर येऊन बघून गेला.

पण मी सांगते आहे ते रडण्याचं नाही, त्याच्या नंतरचं. रडून झाल्यावर तू तोंड धुतलंस, पानं वाढलीस आणि जेवायला बसलीस. एक पुरी खाल्लीस, दुसरी घेतलीस, वर लोणचं मागितलंस. मला तुझा इतका राग आला. हिला भूक लागते? बाबा नाहीत आणि हिला लोणचं लागतं? मी ताट सरकवून उठले. तू हात धुतला नाहीस, आवाज चढवला नाहीस. म्हणालीस, "मी उपाशी राहून ते परत येणार असते, तर मी वर्षभर अन्नाला शिवले नसते. बस खाली. तुझ्या मामाने रात्रभर तेल सांभाळून आणलंय." मी बसले. पुरी गार झाली होती. रडत रडत खाल्ली आणि चांगली लागली, याचाही राग आला.

आणि आणखी एक दिवस आठवतो. माझे सासरे गेले त्याला वर्ष झालं तेव्हा माझ्या घरची कढई चढवायला तू आलीस. मामा थकला होता, दादा नोकरीवर बाहेर होता. टेंपोने नानाखेड्याला आलीस, पिशवीत तेलाची बाटली, खांद्याला भैरवगढच्या छापाची ती विटकी शाल. ह्यांच्या आत्याबाई ओसरीवर बसल्या होत्या. त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या, "विहीणबाई, राग मानू नका, पण शुभाची कढई आहे. विधवेच्या हातून चढवायची म्हणजे…" मी दाराआड, जमीन दुभंगेल तर बरं असं झालं होतं. तू पिशवी खाली ठेवलीस. म्हणालीस, "आत्याबाई, कढई कुणाचं कपाळ बघत नाही. तिला तेल लागतं आणि आच लागते. तेल मी आणलंय, आच माझ्या लेकीच्या घरात आहे." आणि सरळ आत गेलीस. आत्याबाई फणकारून उठायच्या बेतात होत्या. तुझी पुरी तेलात पडली, चर्र झालं, आणि पाठीमागे चपलांचा आवाज. दारात हे, ताटली घेऊन. "आई, पहिली मला द्या." देवाची राहिली, आत्याबाईंची राहिली. तू एक क्षण त्यांच्याकडे बघितलंस आणि पुरी त्यांच्या ताटलीत घातलीस. त्या दिवसानंतर त्या घरात तुझ्या कपाळाबद्दल कोणी तोंड उघडलं नाही. ह्यांनी त्यावर माझ्याशीही कधी काही बोलून दाखवलं नाही. तेवढं एक त्यांनी भुकेनेच सांगितलं.

म्हणून तर मला माहीत आहे की माझं उत्तर खोटं आहे. माहेरचं कोणी नाही कसं? वहिनी आहे. दादाच्या माघारी ते घर तीच तर उभं ठेवून आहे, तुझा गणपती तिच्याकडेच बसतो, तुझी आमटी तिच्याच हातची तुझ्यासारखी होते. परवा बोलताना जिभेच्या टोकावर आलं होतं माझ्या, की अगं तू कशी चढवणार, तूही तर… गिळलं. माझ्याच तोंडून आत्याबाई बोलायला निघाल्या होत्या. तू ऐकलं असतंस तर झारा फेकून मारला असतास.

आता आज सकाळचं. पुन्हा फोन. "वन्सं, रविवारी मोकळी आहे, मशीन बघायला येऊ?" माझी सगळी कारणं संपली होती. गुडघा झाला, पाणी झालं, रंग झाला. मी म्हटलं, "अगं, येऊन बघशील काय? मशीनच बिघडलंय. दुरुस्तीला दिलंय." मला वाटलं, सुटले. पलीकडून ती म्हणाली, "बरंच झालं की मग. आता कढईच चढवू. रविवारी सकाळी येते. तेल मी आणते, झारा सासूबाईंचाच काढून ठेवा." करायला गेले काय आणि झालं काय. मी काही बोलायच्या आत ती हळूच म्हणाली, "वन्सं, मला कुठे घ्यायचंय ते मशीन? तुम्ही एकट्याच त्या घरात पापड भाजत बसता, ते मला बघवत नाही." आणि फोन ठेवला. मशीन माझ्यासमोर ओट्यावर होतं, चांगलं ठणठणीत, सकाळच्या पापडाने अजून कोमट.

रागवायला हवं होतं मला तिच्यावर. नाही रागावता आलं. फळीवरून कढई काढली. तुझा तो झारा धुऊन ठेवला. आणि मग ओट्याशी उभी राहिले, आणि तिथून वळून सरळ हे लिहायला बसले.

तुला वाटेल मी रीतीला धरून बसले आहे, किंवा सुतक कवटाळून बसले आहे. तसं नाही गं. मला त्या आवाजाची भीती वाटते. मशीनच्या टिंगला ते कधी आले नव्हते, म्हणून टिंग झालं आणि दारात कोणी नसलं तरी मला काही समजत नाही. हाक मारली नाही म्हणून आले नाहीत, असं धरून चालता येतं. ते गेल्यापासून सव्वा वर्ष मी तशीच चालले आहे. पण तेलात पुरी पडल्यावर ते आले नाहीत, असं आमच्या संसारात एकदाही झालेलं नाही. रविवारी होईल. वहिनी कडेने पुरी सोडेल, चर्र होईल, आणि पाठीमागे चपला वाजणार नाहीत. तेव्हा ते गेलेले असतील, आई. आत्तापर्यंत नुसते बाहेर बसलेत.

तू भिंतीला टेकून का बसली होतीस, ते मला आत्ता कळतंय. नंतर लोणचं कसं मागितलंस, ते अजून कळायचं आहे. कदाचित रविवारी दुपारपर्यंत कळेल.

हे पत्र टपालात टाकायचं नाही. मशीनचं खोकं माळ्यावर आहे, वॉरंटीचे कागद आत आहेत, त्यातच ठेवून देईन. रविवारी पुरी तेलात पडेल तेव्हा कढईकडेच बघायचं, मागे मान वळवायची नाही, असं मी पक्कं ठरवलं आहे.

वळवीन, आई. मला माहीत आहे, मी वळवीन.